पाच नंबरची खिडकी

खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहायचं हे मरोळच्या त्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कॅमेऱ्याला कुंकू नेमकं कुठे लावायचं यावर सकाळपासून वाद चालला होता. डोळ्यावर लावावं तर दिसायचं बंद होईल, आणि कपाळावर लावावं तर त्या डब्याचं कपाळ कुठलं ते कुणालाच कळेना. शेवटी रत्नप्रभाबाईंनी निकाल दिला, "मशीन कोणाचा? शिवदासाचा. मगे तो सांगात थंय लावा."

शिवदास शिडीवर चढून पहिला कॅमेरा उतरवत होता. तो वरूनच म्हणाला, "पाठीवर लावा बाई. काचेला बोट लावलंत तर मी इथेच बसून रडेन."

बायका हसल्या. राधा मात्र हसली नाही. ती कोपऱ्यातल्या खोक्यावर एकटीच झेंडूची माळ ओवत बसली होती. राधा शिवदासची बायको, आणि याच कारखान्यात कामाला. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती बायकांच्या घोळक्यात मधोमध असायची. आता तिच्या खोक्याच्या आसपास हातभर जागा रिकामी होती आणि ती रिकामी का आहे हे शिवदासला चांगलं माहीत होतं.

कारखाना घड्याळाच्या तबकड्यांचा. तबकडीवर धुळीचा कण बसला की ती फुकट गेली, म्हणून बायकांना सुती लुगडी-साड्या घालून हॉलमध्ये यायला बंदी होती. सकाळी आल्या की मागच्या खोलीत साडी उतरवायची, परकर-पोलक्यावर निळा नायलॉनचा डगला चढवायचा, संध्याकाळी पुन्हा साडी. चाळीस बायका, एक खोली, एक आरसा आणि एक खिडकी.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत शेठने पाच टीव्ही कॅमेरे बसवायचं ठरवलं. तबकड्या गायब होत होत्या. काम शिवदासला मिळालं. घाटकोपरला राहणारा, रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वायरी ओढून नुकताच स्वतःच्या नावावर काम घेऊ लागलेला माणूस. हे त्याचं पहिलं मोठं काम. शेठच्या ओळखीचे आणखी चार कारखानदार हे काम कसं होतंय ते बघत होते, म्हणजे शिवदासचं पुढचं सगळं आयुष्यच बघत होते म्हणा ना.

कॅमेरे येणार म्हटल्यावर बायका बिथरल्या. काम बंद करून हॉलमध्ये उभ्या राहिल्या. रत्नप्रभाबाई सगळ्यांत जुन्या, मालवणच्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्याच जिवावर. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "आमच्या खोलीत लावलंस तर?"

तेव्हा शिवदासने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बाई, माझी स्वतःची बायको त्या खोलीत कपडे बदलते. मी लावीन का?"

या एका वाक्यावर चाळीस बायका कामावर परत बसल्या. शेठने त्याची पाठ थोपटली. सिक्युरिटी ऑफिसर श्यामकांत साहेबांनी चहा पाजला. हा श्यामकांत म्हणजे अगदी सभ्य गृहस्थ. बायकांना ताई म्हणायचा, बोलताना नजर जमिनीवर ठेवायचा. त्याने शिवदासकडून सगळं नीट समजून घेतलं. कॅमेऱ्याची काच कशी बदलायची, वायर किती लांब नेली तरी चित्र येतं, किती बारीक फटीतून दिसू शकतं. शिवदासला विद्यार्थी आवडायचे. विचारणारा मिळाला की तो हातचं काही राखत नसे.

दोन हॉलमध्ये, एक पुढच्या गेटवर, चार नंबरचा मालाच्या खोलीत आणि पाच नंबरचा मागच्या गेटवर असे कॅमेरे लागले. मे संपता संपता श्यामकांतने फोन केला. मागच्या गेटचा पत्रा गळतो, पावसात पाच नंबर खराब होईल, दसऱ्यापर्यंत काढून स्टोअरमध्ये ठेवतो. शिवदास म्हणाला, शहाणपणाचं काम केलंत साहेब. आणखी दोन दिवसांनी श्यामकांतने चाळीस फूट वायर मागितली, स्टोअरमध्येही चोऱ्या होतात म्हणाला, तिथे तात्पुरता लावून बघतो. शिवदासने वायर दिली, जवळचं रुंद दिसणारी काच दिली, वायरीचा जोडसुद्धा स्वतः बांधून दिला. स्टोअरच्या पलीकडे बायकांची खोली आहे, मधल्या भिंतीला वर झरोका आहे, हे त्याला माहीत होतं. माहीत असणं आणि डोक्यात येणं यात फार अंतर असतं. त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग श्रावणात सुगंधाची नोकरी गेली.

सुगंधा विक्रोळीची. टेंपररी होती, पर्मनंट व्हायला दीड महिना राहिला होता. टेंपररी बाईला दिवस गेलेत हे कळलं की तिला "काम कमी आहे" म्हणून घरी पाठवायचं, असा तिथला अलिखित कायदा. म्हणून सुगंधाने कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त राधाला सांगितलं होतं. रोज सकाळी बाकीच्या बायका हॉलमध्ये गेल्या की त्या दोघी मागे राहायच्या आणि राधा सुगंधाच्या पोटावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून द्यायची. घट्ट नको, सैल नको, डगल्यातून दिसू नये इतपत. श्वास कोंडला तर सांग हं, असं रोज म्हणायची.

एके दिवशी श्यामकांतने सुगंधाला बोलावलं आणि जमिनीकडे बघत विचारलं, "ताई, चौथा ना?"  सुगंधा बाहेर आली ती थेट राधासमोर उभी राहिली. "तुझ्याशिवाय कोणाला म्हायती होतं गं?" एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

बाकीच्यांना हिशेब लावायला वेळ लागला नाही. राधाने नवऱ्याला सांगितलं असणार, नवऱ्याने साहेबाला. नवरा कॅमेऱ्यावाला, साहेबाच्या खास मर्जीतला. दुसऱ्या दिवसापासून राधाच्या डब्यात कुणाचा हात गेला नाही आणि राधाला कुणी भाजीचा घास पुढे केला नाही. ती खोलीत आली की बोलणं थांबायचं.

राधाने शपथा घेतल्या, रोज पट्टी आपणच बांधून देत होतो हेही सांगितलं, रडली, मग गप्प झाली. घरी नवऱ्यासमोर पुन्हा रडली. आणि शिवदासने काय करावं? त्याने जरा विचार करून म्हटलं, "तू चुकून बोलली असशील कुणाजवळ. आठवून बघ ना. बायकांच्या तोंडात काय तीळ भिजतो?" राधा त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती घरातही कामापुरतंच बोलायला लागली. शिवदासला वाटलं, निवळेल चार दिवसांत. दोन महिने झाले तरी निवळलं नव्हतं.

असा तो खंडेनवमीचा दिवस. शिवदास-राधाच्या घरात देव्हारा नव्हता; उद्या दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचं, हाच त्यांचा सण. पण गिऱ्हाइकाच्या यंत्राला गिऱ्हाईक पूजतंय तर आपण शिडी धरावी, असं शिवदासचं सरळ मत होतं. शेठची हौस अशी की यंदा पाचही कॅमेरे खाली उतरवून टेबलावर मांडायचे, चालू ठेवायचे, आणि पूजा हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी बघायची.

टेबलावर परीटघडीची पांढरी चादर घातली. मागची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली. पाच नंबर श्यामकांतने स्टोअरमधून स्वतःच आणून ठेवला होता. शिवदास एकेक कॅमेरा पुसून टीव्हीला जोडू लागला. काच स्वच्छ झाली की नाही ते बघायची त्याची एक रीत होती. कॅमेरा कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे करायचा. समोर काहीच नसलं की काचेवरचा एवढासा डागसुद्धा टीव्हीवर उठून दिसतो. बायका फुलांची ताटं घेऊन गोळा झाल्या होत्या. शेठ येऊन खुर्चीवर बसला होता, श्यामकांत शेजारी हात मागे बांधून उभा.

चार नंबर जोडला तेव्हा कोऱ्या भिंतीवर एक काळसर आडवी रेघ दिसली.

"डाग ऱ्हवलो बघ," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"डाग नाही बाई," शिवदास खुशीत आला. त्याच्या आवडीचा विषय निघाला होता. "आत काचेची नळी असते, तिच्यावर चित्र पडतं. कॅमेरा महिनोन्महिने एकाच जागी बघत राहिला ना, की तिथला जो लख्ख उजेड असतो तो त्या नळीवर करपून बसतो. चटका बसल्यासारखा. मग कॅमेरा कुठंही न्या, तो व्रण दिसतोच. उजेड होता तिथं काळं, काळं होतं तिथं पांढरं. ही रेघ म्हणजे मालाच्या खोलीतली ट्यूबलाइट."

"म्हणजे ह्येका सगळा याद ऱ्हवता?"

"सगळं नाही. माणसं हलतात, ती राहत नाहीत. जे हलत नाही ते राहतं."

शेठने मान डोलावली. बायकांना मजा वाटली. एकीने तर ट्यूबलाइटच्या त्या रेघेलाच फूल वाहिलं. शिवदासने हसत हसत पाच नंबर उचलला. मागच्या गेटचे उभे गज दिसणार, तो मनात म्हणाला, आणि त्याने पिन खोचली.

गज दिसले खरे. पण गेटचे नव्हेत.

पांढऱ्या पडद्यावर एक मोठा काळा चौकोन होता. त्यात सहा पांढरे गज, आणि डावीकडून तिसरा गज पोटातून बाहेर वाकलेला. चौकोनाच्या वर ट्यूबलाइटची काळी पट्टी. बाजूला एक छोटा लंबगोल डाग, एका कडेला टवका उडालेला.

शिवदासला क्षणभर काही कळलंच नाही. त्याने पिन काढून परत खोचली. तेच चित्र. 

 कुणाच्या तरी हातातलं ताट कलंडलं आणि फुलं पायाशी पडली. रत्नप्रभाबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. वाकलेल्या गजावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्यो गज माज्या लुगड्यान वाकलो," त्या हळूच म्हणाल्या. "पावसात वाळत घालतंय मी थंय. आणि ह्यो आरसो." त्या वळल्या. "शिवदासा, ही आमची खोली मरे."

 एकीने अंगावरचा डगला गळ्याशी आवळून धरला, तिच्याकडे बघून दुसरीने, मग सगळ्यांनीच. भर सकाळी, सगळे कपडे अंगात असताना त्या बायका स्वतःला झाकून घेत होत्या. शिवदासला ते बघवेना.

"बुरशी आहे ती," श्यामकांत शांतपणे म्हणाला. नजर जमिनीवरच. "पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. तिचे काहीबाही आकार दिसतात, शेठ."

"हां, फंगस," शेठने लगेच उचलून धरलं. "शिवदास, सांग ना यांना. तू टेक्निकल माणूस आहेस. फंगसच ना?"

सगळ्यांच्या नजरा शिवदासकडे वळल्या. खोटं बोलणं फार सोपं होतं. हो म्हणायचं, काच पुसायचं नाटक करायचं, आणि संध्याकाळपर्यंत कॅमेरा एका दिव्याकडे तोंड करून ठेवायचा. नळी पार जळून जाईल, पुरावाही जळेल. चार कारखान्यांची कामं हातात येतील. बायका कुजबुजतील आणि विसरतील. राधा कोपऱ्यात माळ हातात घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीच वाचता येईना, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"बुरशी काचेला धरते," शिवदास म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "बुरशी असली तर काच फिरवल्यावर चित्रही फिरेल. बघा."

त्याने पुढची काच दोन बोटांत धरली आणि हळूहळू फिरवली. एक आटा, दोन आटे. भिंतीवरचे चुन्याचे चरे पुसट झाले. खिडकी होती तिथेच राहिली. वाकलेला गज तसूभरही हलला नाही. मग त्याने काच पूर्ण काढून चादरीवर ठेवली. तरीही टीव्हीवर खिडकी होती.

"हे नळीत आहे," तो म्हणाला. "कॅमेरा निदान दोन-तीन महिने या खिडकीकडे बघत होता. दिवसभर."

"मला काही माहीत नाही," शेठ उठून म्हणाला. खरं असेल, खोटं असेल. त्याचा चेहरा मात्र चादरीसारखा झाला होता. "श्यामकांत, हे काय आहे?"

 पहिल्यांदाच श्यामकांतने नजर वर केली, आणि त्या नजरेला नजर द्यायची वेळ आली तशी पुढच्या बायका मागे सरकल्या. तो आपल्या केबिनकडे चालू लागला. त्या केबिनमध्ये एक छोटा टीव्ही होता, पडदा ओढलेला असायचा. गेटवर लक्ष ठेवायला आहे, असं सगळे समजत होते.

रत्नप्रभाबाई त्याच्या मागे गेल्या नाहीत. त्या तडक स्टोअरमध्ये गेल्या, मागोमाग पाच-सहा जणी आणि शेवटी शिवदास. खोक्यांची चळत बाजूला ओढली. वर झरोक्यात एक फळी ठोकलेली होती, फळीला कॅमेऱ्याच्या मापाची चार भोकं. तिथून लोंबणारी काळी वायर केबिनच्या दिशेने गेली होती. मध्ये एक जोड होता, निळ्या टेपने घट्ट, सुबक गुंडाळलेला. तसा जोड त्या भागात एकच माणूस बांधत असे.

"ही वायर कोणाची?" कुणीतरी विचारलं.

"माझी," शिवदास म्हणाला. "मी दिली. काचही मीच दिली. स्टोअरसाठी मागितली होती. मी विचारलं नाही."

एकही बाई त्याला शिवी देईना. दिली असती तर बरं झालं असतं. रत्नप्रभाबाई झरोक्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत होतं, आणि ते जुळलं तेव्हा त्या मटकन खोक्यावर बसल्या.

"पट्टी," त्या म्हणाल्या. "सुगंधाची पट्टी. त्या मेल्यान बघितल्यान. रोज बघित होतो. राधेन कोणाक काय सांगूकच नाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. राधा दारात उभी होती. दोन महिने जिच्या डब्याकडे कुणी बघितलं नव्हतं तिच्याकडे आता सगळ्या बघत होत्या. एक जण पुढे होऊन तिचा हात धरायला गेली. राधाने हात मागे घेतला नाही, पण दिलाही नाही.

शिवदास तिच्यापाशी गेला. "राधा, मी तुला जे बोललो..."

"ते आता नको," राधा म्हणाली. "तो कॅमेऱ्याचा डबा पिशवीत घाला. सुगंधाकडे जायचंय. तिच्यासमोर बोला काय बोलायचं ते."

पूजा राहिली. नारळ तसाच टेबलावर राहिला, शेठही हाक मारून थकला. रत्नप्रभाबाई, राधा, आणखी दोघी आणि मागे पिशवी घेतलेला शिवदास अशी ती वरात दोन बस बदलून विक्रोळीला पोचली.  बसमध्ये राधा बायकांशेजारी बसली. शिवदास दांड्याला धरून उभा होता, मांडीला पिशवीतला कॅमेरा टोचत होता. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. श्यामकांतने बघून ओळखलं. आपण सात वर्षं एका घरात राहून आपल्या बायकोला ओळखलं नाही.

सुगंधा चाळीच्या तळमजल्यावर राहत होती. दारात बसून तांदूळ निवडत होती. आता सहावा संपत आला होता. पट्टीची गरज उरली नव्हती, पोट मोकळं पुढे आलं होतं. रत्नप्रभाबाईंना पाहून ती हसली. मग मागे राधा दिसली तसं हसू मावळलं.

"हिला कशाला आणलीस, बाय?"

 रत्नप्रभाबाईंनी शिवदासला पुढे ढकललं. "सांग."

शिवदासने सांगितलं. मे महिन्यापासून सांगितलं, काही लपवलं नाही. फोन, वायर, काच, निळ्या टेपचा जोड, झरोका, आणि टीव्हीवरचा तो वाकलेला गज. "राधाने तुमचं नाव कुणाजवळ काढलं नाही, ताई. मलाही सांगितलं नव्हतं. मलाच तिचं खरं वाटलं नाही." बोलता बोलता, आपण खरं सांगतोय हे पटावं म्हणून, त्याने पिशवीतून कॅमेरा बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर केला. "हाच तो."

सुगंधा त्या राखाडी डब्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवरचं सूप घसरलं, तांदूळ ओट्यावर सांडले. तिचा हात आपोआप पदराकडे गेला. तिने पदर ओढून पोटावर घेतला, दुसऱ्या हाताने तो घट्ट दाबून धरला आणि बसल्या जागी अंग चोरून भिंतीकडे वळली.

"ताई, यात करंट नाही," शिवदास घाईघाईने म्हणाला. "वायर नाही, काच पण काढलेली आहे. याला काही दिसत नाही आता."

सुगंधाने पदर सोडला नाही. ती भिंतीला धरून कशीबशी उठली, राधाच्या दंडाला धरून तिला आत ओढलं. बाकीच्या तिघी पाठोपाठ उंबरा ओलांडून गेल्या. मग आतून दार लागलं आणि कडी घातल्याचा आवाज आला.

शिवदास कॅमेरा हातात घेऊन बाहेर उभा राहिला. आत आधी सुगंधा रडली, मग दोन महिन्यांत पहिल्यांदा राधा मोठ्याने रडताना त्याला ऐकू आली. त्याला कुणी आत बोलावलं नाही.